विज्ञान-संग्रहालय आणि शाळेतील विज्ञानपाठ

शाळेची सहल विज्ञान-संग्रहालयात आली म्हणजे एक दृश्य नेहमी दिसते. साठ-सत्तर मुले दालनात शिरतात. एक कळ दाबली, दिवा लागला, की लगेच पुढच्या उपकरणाकडे धाव. तासाभरात सारी दालने पाहून होतात. परतल्यावर 'काय पाहिले?' असे विचारता 'मजा आली' एवढेच उत्तर मिळते. आनंद झाला हे चांगलेच. परंतु त्या तासात विज्ञानाचे एखादे तत्त्व मुलांच्या मनात उतरले काय, हा प्रश्न उरतो.

संग्रहालयाचा हेतू

पुराणवस्तूंच्या संग्रहालयात वस्तू काचेआड असते. तिला हात लावावयाचा नसतो. विज्ञान-संग्रहालयाची रीत याच्या उलट आहे. येथील उपकरण हाताळण्यासाठीच मांडलेले असते. भारतात कलकत्ता येथील बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ साली खुले झाले. बंगलोरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाचे पहिले दालन १९६५ साली सुरू झाले. पुढे १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि १९८५ साली मुंबईत वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्र लोकांसाठी खुले झाले. आज देशाच्या बहुतेक भागांत अशी केंद्रे आहेत. तेव्हा उपकरणे कोठे मिळतील यापेक्षा त्यांचा उपयोग कसा करावा, हाच प्रश्न शिक्षकापुढे अधिक महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण : चढणारा जोडशंकू

अनेक विज्ञान केंद्रांत एक साधे उपकरण आढळते. दोन शंकू तोंडास तोंड लावून जोडलेले असतात. हा जोडशंकू दोन दांड्यांवर ठेवलेला असतो. दांड्या एका टोकाशी जवळजवळ असून दुसऱ्या टोकाकडे त्यांमधील अंतर वाढत जाते; शिवाय हे रुंद टोक अरुंद टोकाहून उंच असते. जोडशंकू खालच्या टोकाशी ठेवून सोडला की तो आपोआप उंच टोकाकडे गडगडत जातो. अठराव्या शतकातील युरोपीय व्याख्याते आपल्या प्रयोगांत हे उपकरण दाखवीत असत.

येथे एक धोका आहे. जे मूल केवळ पाहून पुढे जाते, त्याची समजूत अशी होते की ही वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढली. म्हणजे ज्या उपकरणाने चुकीची कल्पना दूर व्हावयाची, तेच ती दृढ करते. हे टाळावयाचे तर तीन पायऱ्या क्रमाने घेतल्या पाहिजेत.

पहिली पायरी अंदाजाची. जोडशंकूस हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने तो कोणत्या दिशेने जाईल हे वहीत लिहावे व कारणही द्यावे. लिहिलेला अंदाज चुकला की मन खऱ्या अर्थाने प्रश्न विचारू लागते. अंदाजच न केलेल्या मुलास आश्चर्य वाटते, पण प्रश्न पडत नाही.

दुसरी पायरी निरीक्षणाची. दांड्यांकडे न पाहता जोडशंकूच्या दोन अणकुचीदार टोकांकडे पाहावे. डोळे दांड्यांच्या पातळीवर आणून बाजूने पाहिल्यास ही टोके पुढे जाताना किंचित खाली येत आहेत असे दिसते.

तिसरी पायरी मापनाची. टोकाची उंची आरंभी किती होती व शेवटी किती झाली, हे पट्टीने मोजावे. येथेच कोडे सुटते. दांड्या चढत्या असल्या तरी त्यांमधील अंतर वाढत असल्यामुळे शंकू त्यांच्यामध्ये अधिकाधिक खोल बसतो. त्याचा गुरुत्वमध्य दोन टोकांना जोडणाऱ्या अक्षावर असतो आणि तो अक्ष खालीच येतो. म्हणजे जोडशंकू चढत नसून उतरतच असतो.

शाळेत परतल्यावर

संग्रहालयातील पाठ शाळेत पुरा झाला पाहिजे. पुठ्ठ्याची ११ सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे कापावी. कडा थोड्या एकमेकींवर चढवून चिकटवाव्या, म्हणजे तोंडाशी १० सेंटिमीटर व्यास असलेले दोन शंकू तयार होतील. त्यांची तोंडे चिकटपट्टीने जोडावी. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या दोन सरळ, गुळगुळीत काठ्या घ्याव्या. एका टोकाशी त्यांच्यात २ व दुसऱ्या टोकाशी १६ सेंटिमीटर अंतर ठेवावे. काठ्यांची वरची कड अरुंद टोकाशी टेबलापासून ५ व रुंद टोकाशी ७ सेंटिमीटर उंच असावी. रुंद टोकाशी प्रत्येक काठीखाली वेगळा ठोकळा ठेवावा, म्हणजे शंकूस मधली जागा मोकळी राहील.

आता मोजून पाहावे. अरुंद टोकाशी शंकूचा अक्ष टेबलापासून सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंच भरतो; रुंद टोकाशी तो सुमारे आठ सेंटिमीटर भरतो. काठ्या २ सेंटिमीटर वर गेल्या, परंतु अक्ष दीड सेंटिमीटर खाली आला. हे दोन आकडे विद्यार्थ्याने स्वतः मोजून फळ्यावर लिहिले की गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

शिक्षकाची पूर्वतयारी

शिक्षकाने सहलीपूर्वी एकदा स्वतः संग्रहालय पाहून यावे आणि चालू पाठांशी जुळणारी तीन-चार उपकरणेच निवडावी. 'साधी यंत्रे' हा पाठ चालू असेल तर विज्ञान-उद्यानातील कप्प्यांच्या खुर्च्या निवडाव्या. तेथे मूल दोर ओढून स्वतःलाच वर उचलते. जेथे जोर कमी लागतो तेथे दोर अधिक लांब ओढावा लागतो, हे त्याचे हातच त्यास सांगतात. 'ध्वनी' शिकवावयाचा असेल तर समोरासमोर ठेवलेल्या दोन अंतर्वक्र तबकड्या निवडाव्या. एकीच्या नाभीशी केलेली कुजबूज दूरवरच्या दुसरीच्या नाभीशी स्पष्ट ऐकू येते.

मुलांचे पाच-पाचांचे गट करावे आणि प्रत्येक गटास एकच प्रश्न द्यावा. उपकरणाशेजारचा माहितीफलक शेवटी वाचावयास सांगावा. आधी वाचल्यास विचार करण्याचे काम फलकच करून टाकतो. ठरलेली उपकरणे झाल्यावर मात्र मुलांना मोकळे सोडावे. त्यांच्या कुतूहलासही वेळ हवा.

दूरच्या शाळांसाठी

ज्या गावापासून संग्रहालय दूर आहे तेथील शाळेने निराश होण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या संग्रहालयाने १९६५ सालापासून मोटारगाडीतून फिरते विज्ञान प्रदर्शन खेड्यापाड्यांत नेण्यास आरंभ केला आणि पुढे इतर केंद्रांनीही ती प्रथा स्वीकारली. तेही न लाभल्यास पुठ्ठा व दोन काठ्या कोठेही मिळतात. संग्रहालयाची मोठी दालने आवश्यकच आहेत. परंतु अंदाज, निरीक्षण व मापन ही सवय जेथे लागते तेथे लहानशा वर्गखोलीतही संग्रहालयाचे कार्य होते.

अभ्यास

१. काठ्यांची उंची तीच ठेवून त्या समांतर ठेवल्यास जोडशंकू कोणत्या दिशेने जाईल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

२. रुंद टोक अरुंद टोकाहून २ ऐवजी ५ सेंटिमीटर उंच केल्यास काय होईल? अक्षाच्या दोन्ही उंची मोजून कारण सांगा.

३. जोडशंकूच्या जागी लाटणे किंवा गोल डबा ठेवल्यास तो चढेल काय? का?

४. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एक पाठ निवडा. त्यासाठी पुठ्ठा, दोरा व काठ्या यांपासून कोणते उपकरण करता येईल, याचा आराखडा काढा.