हरभऱ्याच्या पेरणीनंतर फळी केव्हा फिरवावी?

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण, गंगापूर व वैजापूर या गोदाकाठच्या तालुक्यांत काळ्या भारी जमिनीवर रब्बी हरभरा घेतला जातो. कोरडवाहू हरभऱ्याची भिस्त पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर असते. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पेरणी झाल्यावर ही ओल उडून गेली, तर बी रुजत नाही आणि दुबार पेरणीसही ओल उरत नाही. म्हणून पेरणीमागोमाग फळी अथवा हलका रूळ फिरविण्यास महत्त्व आहे.

तिफणीने मोकळ्या झालेल्या मातीत पोकळ्या राहतात व त्यांतून ओल उडते. माती हलकेच दाबली असता ती बियाण्यास बिलगते व खालची ओल केशाकर्षणाने वर चढते. तथापि दाबाचा लाभ योग्य वेळेवर अवलंबून आहे.

फळी पेरणीच्या दिवशीच, जमीन वाफशावर असताना फिरवावी. मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकताच फुटला, म्हणजे वाफसा आला असे समजावे. माती फळीस चिकटत असेल, तर थांबावे. ओल्या चिकण मातीवर दाब पडल्यास पृष्ठभाग कडक होऊन कोंब अडतात.

कोंब बाहेर पडत असताना फळी कटाक्षाने टाळावी. हरभरा व मसूर यांची बीजदले जमिनीतच राहत असल्याने मोडलेले रोप खालच्या डोळ्यातून पुन्हा फुटू शकते. परंतु तोवर मोलाचे दिवस व ओल वाया जाते.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मसुराच्या शेतात रूळ फिरविण्याचा हेतू निराळा आहे. मसुराच्या शेंगा जमिनीलगत लागतात. यंत्राने कापणी करताना दगड-ढेकळे पात्यास लागू नयेत, म्हणून जमीन सपाट करतात. हे काम तेथे पेरणीनंतर लगेच किंवा रोपे 5 ते 7 पेरांची होईपर्यंत उरकतात. ऐन उगवणीच्या काळात मात्र करीत नाहीत. आपल्याकडेही ‘फुले विक्रम’सारख्या उंच वाढणाऱ्या वाणामुळे हरभऱ्याची यंत्राने काढणी शक्य झाली असल्याने सपाट रानाचा हा लाभ ध्यानात घेण्याजोगा आहे.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी गावातील एखाद्या शेतात फळी फिरविलेला व न फिरविलेला असे दोन पट्टे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून रोपे मोजून घ्यावीत. 30 × 10 सेंटिमीटर अंतरावरील पेरणीत ओळीच्या एका मीटरात 10 रोपे अपेक्षित असतात. डोळ्यांदेखत झालेली ही मोजणी शेतकऱ्यांस अधिक पटेल.