भुरीवर पोटॅशियम बायकार्बोनेट: कधी, किती आणि कशासाठी नाही

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागांना डिसेंबर-जानेवारीत भुरीचा धोका वाढतो. ढगाळ हवा, दमट सकाळ आणि 20 ते 27 अंश तापमान असले की ती झपाट्याने पसरते. केवड्याला पानावर ओल लागते, भुरीला लागत नाही. त्यामुळे ‘पाऊस नाही, मग भीती कसली?’ हा हिशेब इथे चुकतो.

मणी लहान असताना आंतरप्रवाही बुरशीनाशके हाताशी असतात. मण्यात पाणी उतरू लागले, की रेसिड्यूच्या धास्तीने हात आखडतो. पोटॅशियम बायकार्बोनेटची खरी वेळ हीच. प्रमाण लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 1 किलो. बुरशीच्या तंतूंभोवतीचा सामू वाढतो, तंतू आकसून सुकतात. मात्र हे औषध झाडात भिनत नाही. फवारा लागेल तेवढीच भुरी मरते आणि उद्या येणाऱ्या बीजाणूंपासून फारसे संरक्षण मिळत नाही. म्हणून आधी फेलफुटी काढा, घडाजवळची दाटी कमी करा आणि मगच ब्लोअर बागेत घाला. घडाच्या आतल्या बाजूला व देठांवर द्रावण पोचले नाही, तर पैसे वाया गेले समजा. पाच-सात दिवसांनी देठ पुन्हा तपासा. पांढरी पूड ताजी दिसली तर फवारणी परत घ्या.

मण्यावर मेणचट पांढरा थर असतो, तो भुरी नव्हे. शंका आली तर पानाची खालची-वरची बाजू आणि देठ बघा. भुरीची राखाडी पूड तिथे सापडतेच.

जास्त प्रमाण म्हणजे जास्त गुण, असे नाही. पाने करपतात आणि मण्यांवर डाग राहतात. उन्हाच्या वेळी किंवा पाण्याचा ताण बसलेल्या वेलीवर फवारू नका. आम्लधर्मी औषधे आणि कॅल्शियमची खते याच टाकीत मिसळू नका: आम्लात बायकार्बोनेट फसफसून वाया जाते, कॅल्शियमबरोबर साका बसतो.

स्वयंपाकघरातला खायचा सोडाही भुरीवर चालतो, हे खरे. गुलाबाच्या चार कुंड्यांना तो ठीक. एकरी बागेत मात्र सोडियम जमिनीत साठत जाते, आणि आपल्या अनेक बागा आधीच क्षारांनी बेजार आहेत. पोटॅशियम निदान वेलीच्या कामी तरी येते.

केवड्यासाठी या औषधावर भिस्त ठेवू नका. निर्यातीची बाग असेल, तर डबा फोडण्यापूर्वी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी आणि डब्यावरचे लेबल दोन्ही वाचून घ्या.