तापमापक कुठे टांगाल? पर्जन्यमापक कुठे ठेवाल?

एकाच घरातील दोन सारखे तापमापक एकाच वेळी वेगवेगळी तापमाने दाखवतील काय? करूनच पाहा. दोन्ही तापमापक आधी एकाच खोलीत ठेवून ते सारखे वाचन देतात याची खात्री करा. मग दुपारी चार वाजता एक तापमापक उन्हाने तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीला टांगा आणि दुसरा झाडाच्या सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी टांगा. दोहोंत चांगलाच फरक दिसेल.

मग खोटे कोण बोलते? कोणीच नाही. पहिल्या तापमापकाला ऊन आणि तापलेली भिंत यांच्याकडून प्रारणाने उष्णता मिळते. तो स्वतः किती तापला, तेच तो सांगतो. आपल्याला मात्र हवेचे तापमान हवे आहे.

ही अडचण स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात एका साध्या पेटीने सोडवली. पेटीच्या चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा असतात. त्यांतून वारा आत खेळतो, पण ऊन शिरत नाही. पांढऱ्या रंगामुळे बरेचसे ऊन परावर्तित होते. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ते उघडताच तापमापकावर ऊन येण्याची शक्यता कमी होते. मात्र नुसत्या उत्तरेच्या भिंतीवर विसंबू नका. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि तसाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे त्या भिंतीवरही सकाळ-संध्याकाळ ऊन येते. तापमापक गवताच्या किंवा मोकळ्या मातीच्या जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. गच्चीचे काँक्रीट आणि पत्र्याचे छप्पर टाळा.

आता पर्जन्यमापक. घराच्या पागोळ्यांखाली तो ठेवू नये, हे उघड आहे. मग उंच गच्चीवर का नको? इमारतीला अडलेला वारा वर उसळून छपरावरून वेगाने जातो आणि थेंबांना भांड्यापलीकडे वाहून नेतो. पाऊस तेवढाच पडतो, पण भांड्यात कमी साठतो. भांडे अगदी जमिनीलगत ठेवले, तर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. म्हणून आपल्याकडे पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात.

झाडे आणि भिंती किती दूर हव्यात? त्यांची उंची भांड्याच्या कडेपेक्षा जितकी जास्त, त्याच्या निदान दुप्पट. समजा, अंगणातला आंबा ६ मीटर उंच आहे. ६ मधून ०.३ वजा केल्यास ५.७ उरतात, त्याची दुप्पट ११.४ मीटर. झाडाची उंची मोजायला झाडावर चढायला नको. एक मीटरची काठी उन्हात उभी धरा. तिची सावली आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजा. झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागले की उंची मीटरमध्ये मिळते.

अंगण अपुरे पडत असेल, तर शिक्षकांना विचारून शाळेच्या मैदानाचा कोपरा मिळवा. वाचन रोज सकाळी साडेआठ वाजता घ्या. आपल्या वेधशाळाही दैनिक पावसाची नोंद त्याच वेळी घेतात.

वहीच्या पहिल्या पानावर जागेचा नकाशा काढा. भिंती आणि झाडे यांची अंतरे व उंची लिहा. उपकरण हलवलेच, तर तारीख नोंदवा. हे का करायचे? पाच वर्षांनी तुमच्या वहीत पाऊस घटलेला दिसला, तर तो खरोखर घटला की आंबा वाढून भांड्याच्या आड आला, याचे उत्तर त्या पानावरच मिळेल. म्हणून दर वर्षी जूनपूर्वी झाडांची उंची पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा.