संगणकीय व्यूहखेळ आणि परदेशी प्रकाशक

बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास सोलापूर जिल्ह्याला परिचित आहे. अडीच फूट रुंदीच्या रूळमार्गाची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने मांडली आणि तिच्यासाठी १८९५ मध्ये लंडन येथे कंपनी नोंदविण्यात आली. १८९६ मध्ये इंग्लंडातील लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून त्यावर या गाड्या प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आल्या. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही वाहतूक सुरू झाली. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचला व १९५४ मध्ये तो शासनाच्या ताब्यात आला. नवी कल्पना केवळ सांगून पटत नाही, ती चालवून दाखवावी लागते, हा या इतिहासातील धडा होय. संगणकीय खेळ तयार करणाऱ्या आजच्या तरुणालाही तो तंतोतंत लागू पडतो.

व्यूहखेळाचे स्वरूप

ज्या खेळात सैन्य, धान्य, खजिना, किल्ले व तह यांचा विचार करून डाव आखावा लागतो, त्यास व्यूहखेळ म्हणता येईल. बुद्धिबळाचेच हे विस्तारित रूप आहे. त्याचे खेळाडू मर्यादित असले तरी ते जगभर विखुरलेले व चोखंदळ असतात. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या आणि २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठा सत्तेच्या बाजूने खेळण्याची सोय होती. आपल्या इतिहासाला परदेशात ग्राहक आहे, हे यावरून स्पष्ट होते. मात्र तो खेळ आपल्या तरुणांनी घडविलेला नव्हता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

पुण्याचे उदाहरण

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचे आहे. तिचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ व्यूहाचा नसून साहसाचा आहे. तथापि त्याचा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. २०१७ मध्ये या संस्थेने लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न केला, परंतु ठरविलेली रक्कम जमली नाही. काम मात्र थांबले नाही. पुढे ‘सुपर डॉट कॉम’ हा परदेशी प्रकाशक लाभला आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

व्यूहखेळांच्या क्षेत्रात इंग्लंडची स्लिथरिन, स्वीडनची पॅराडॉक्स आणि अमेरिकेची हुडेड हॉर्स या प्रकाशन संस्था परिचित आहेत. हुडेड हॉर्सने प्रसिद्ध केलेला ‘मॅनर लॉर्ड्स’ हा पोलंडमधील खेळ मुख्यतः एका व्यक्तीच्या परिश्रमातून उभा राहिला. एप्रिल २०२४ मध्ये तो विक्रीस येताच पहिल्याच दिवशी त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. असे यश क्वचितच लाभते, हे खरे. तथापि संस्था लहान आहे किंवा गाव आडवळणी आहे, एवढ्यावरून प्रकाशक नकार देत नाही, हे यातून दिसते. प्रकाशकाची निवड करताना त्याने त्याच प्रकारचे खेळ पूर्वी प्रसिद्ध केले आहेत काय, हे प्रथम पाहावे. प्रस्तावासोबत खेळण्याजोगा नमुना, थोडक्यात वर्णन, खर्चाचा अंदाज आणि कामाचे वेळापत्रक जोडावे.

कराराचा हिशेब

खरा कस करारात लागतो. समजा, एका प्रतीची किंमत ५०० रुपये आहे. विक्रीमंच ३० टक्के ठेवून घेतो आणि ३५० रुपये उरतात. हे ३५० रुपये प्रकाशक व निर्माता यांनी निम्मे-निम्मे घ्यावयाचे आहेत आणि प्रकाशकाने २१ लाख रुपये आगाऊ दिले आहेत, असे धरू. ही उचल एकूण उरलेल्या रकमेतून वळती करावयाची असेल, तर ६,००० प्रतींनंतर निर्मात्याला पैसे मिळू लागतील. ती केवळ निर्मात्याच्या १७५ रुपयांच्या वाट्यातून वळती करावयाची असेल, तर त्यासाठी १२,००० प्रती खपाव्या लागतील. करारातील एका वाक्याने सहा हजार प्रतींचा फरक पडतो. कर व परत आलेल्या प्रती यांचा हिशेब यात धरलेला नाही.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते आणि हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून मुदत, प्रदेश, भाषा, पुढील भागांचे हक्क, हिशेब तपासण्याचा अधिकार आणि वाद कोणत्या देशाच्या कायद्याने मिटवावयाचा, या बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात. खेळाची मालकी निर्मात्याकडे राहून प्रकाशकाला केवळ प्रसिद्धीचा परवाना मिळणे, हे हिताचे असते.

प्रकाशक न मिळाल्यासही मार्ग खुंटत नाही. ‘स्टीम’ या विक्रीमंचावर १०० डॉलर शुल्क भरून निर्मात्याला स्वतःच खेळ विक्रीस ठेवता येतो. मात्र अशा वेळी प्रसिद्धी, भाषांतर व तक्रारनिवारण यांचा भार त्याच्यावरच पडतो.

गावाची जबाबदारी

संगणकीय खेळ म्हटले की पैजेचा व्यसनी खेळ, असा गैरसमज ग्रामीण भागात आढळतो. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ ने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. व्यूहखेळाची निर्मिती हा मात्र कला, गणित व इतिहास यांचा मेळ घालणारा व्यवसाय आहे. राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे.

शिक्षकांनी शाळेच्या संगणक कक्षात अशा खेळाचा नमुना विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावा. ग्रंथालयांनी इतिहासाची साधने उपलब्ध करून द्यावीत. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी सही करण्यापूर्वी करार जाणत्या वकिलाला दाखविण्याचा सल्ला तरुणांना द्यावा. सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशी भांडवलावर बार्शीला गाडी आली. आता बार्शीच्या तरुणाची निर्मिती परदेशी जावी, आणि जाताना तिची मालकी मात्र घरीच राहावी.