पाठ किनाऱ्याकडे

आजचा श्लोक, गीता २.४७. कर्म आपलं, फळावर हक्क नाही. मग ध्येयच ठेवायचं नाही का, असं बरेच जण विचारतात.

फ्रँक रॉथवेल, ७० वर्षांचे इंग्रज आजोबा. अल्झायमर्सवरच्या संशोधनाला पैसे जमवायला ला गोमेरा बेटावरून एकटेच अटलांटिक वल्हवत निघाले, ५६ दिवसांनी, फेब्रुवारी २०२१मध्ये अँटिग्वाला पोचले. १० लाख पौंडांच्या वर जमले! ध्येय होतंच की. पण वल्हवणारा बसतो उलटा, पाठ पुढच्या किनाऱ्याकडे. दिशा यंत्र सांगतं. डोळ्यांसमोर मागे पडलेलं पाणी आणि हातातली वल्ही, बस. त्यांच्या मेव्हण्यांनाच अल्झायमर्स होता. ते वाटेतच गेल्याचं कळलं. फ्रँक वल्हवत राहिले.