वाढत्या मापाची सायकल

अगं, घरात नवी सायकल आली की तिला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, आणि मग कुणीतरी समाधानानं म्हणतं, "जरा मोठीच घेतलीय, कॉलेजपर्यंत पुरेल." फ्रॉक, स्वेटर, बूट, सगळं वाढत्या मापाचं घ्यायची आपली रीतच आहे. त्यात काटकसर आहे आणि मायाही आहे. पण स्वेटरच्या बाह्या दुमडता येतात, सायकलची नळी दुमडता येत नाही. सीटवर बसल्यावर तुझे पाय लोंबत असतील, तर सायकलचं माप चुकलंय. तुला कुणी भित्री म्हणालं तरी मनावर घेऊ नकोस.

मोठी सायकल पळताना फारसा त्रास देत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं, "चालवतेय की छान!" ती पाडते थांबताना. समोरची रिक्षा अचानक थांबते, तू ब्रेक दाबतेस, सीटवर बसल्या बसल्याच डावा पाय खाली सोडतेस आणि चवडा जमिनीपासून दोन बोटं वरच राहतो. तेवढ्यात सायकल कलते, पाठीवरचं दप्तर त्याच बाजूला ओढतं. आडव्या नळीची सायकल असेल तर मार कुठे बसतो हे मी सांगायला नको.

म्हणून आधी स्वतःचं माप घे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, मांड्यांमध्ये एक जाड वही वरपर्यंत आडवी धर आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपनं मोज. आडव्या नळीची सायकल असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर नळी या मापाच्या निदान तीन-चार सेंटीमीटर खाली हवी. दादाची किंवा आजोबांची २८ इंची चाकांची जुनी काळी सायकल असेल, तर तिची नळीच साधारण ३२ इंचांवर असते. मग तुला ती का झेपत नाही, ते आकड्यातच दिसेल.

सायकल बदलणं लगेच शक्य नसेल, तर आहे तिला जितकी खाली आणता येईल तितकी आण. सीटचा दांडा फ्रेममध्ये शिरतो तिथला नट पान्यानं सैल कर. गंजला असेल तर तेलाचे थेंब सोडून रात्रभर तसाच ठेव. मग सीट डावीकडे-उजवीकडे फिरवत खाली दाब. नट आवळल्यावर सीट दोन्ही हातांनी धरून पिळून बघ, ती जागची हलता कामा नये. शिकत असशील तोवर दोन्ही चवडे जमिनीला पक्के टेकतील इतकी ती खाली असू दे. हात हँडलपर्यंत ताणून धरावे लागत असतील तर सीट तिच्या खालच्या तारांवर थोडी पुढे सरकवता येते. हँडल मात्र सायकलवाल्याकडूनच वर करून घे. त्याच्या दांड्यावर एक खूण असते, ती बाहेर दिसू लागली की त्यापुढे उचलायचं नाही. आणि ब्रेक तुझ्या बोटांना सहज गाठता येतोय ना, ते तिथेच दाबून बघ.

आता थांबायचं कसं ते शिक. मोकळ्या मैदानात जा, दप्तर नको, ओढणी कमरेला गच्च बांध. लेडीज सायकल असेल तर वेग कमी करत आण आणि पूर्ण थांबायच्या आधीच सीटवरून पुढे उतर. उजवा पाय खालच्या पायडलवर, सगळा भार त्यावर, सायकल किंचित डावीकडे कललेली, आणि मग डावा पाय जमिनीवर. सीटवर बसून पाय सोडायची सवय मोडली की निम्मी भीती जाते. आडव्या नळीच्या उंच सायकलवर जुनी माणसं टांग मारून चढतात, उतरतानाही चालत्या सायकलवर डाव्या पायडलवर उभं राहून उजवा पाय मागून काढतात. तेही शिकण्यासारखं आहे. पण नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारणं मैदानापुरतंच ठेव. त्यात अंग एका बाजूला आणि सायकल दुसऱ्या बाजूला असते, रस्त्यावर एखादी गाडी अंगावर आली तर सावरता येत नाही.

आणखी एक, जे आईशी बोलायला तुला अवघड वाटेल. सीट उंच असली की पायडल गाठायला कंबर दर फेऱ्याला इकडून तिकडे झुलते. मग खाली घासतं, सोलवटतं, कधी बधिर होतं. यात लाजण्यासारखं काही नाही आणि सहन करत बसण्यासारखंही नाही. सीट खाली घे, तिचं टोक वर उचललेलं नसू दे, आत जाड शिवणीचं काही घालू नकोस. तरी दुखत राहिलं तर घरात स्पष्ट सांग.

मोठ्या सायकलीवर बायका शिकतच नाहीत असंही नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या नळीवर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय. पण त्या मोठ्या बायका होत्या, त्यांची वाढ पूर्ण झालेली होती. तेरा वर्षांच्या मुलीला तो दाखला देऊन गप्प बसवू नये.

आता "वाढशील की" या बोलण्याचं उत्तर ऐक. पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची साधारण पाच ते सात सेंटीमीटरच वाढते. तेवढं तर योग्य मापाच्या सायकलची सीट वर केली की सहज भरून निघतं! म्हणजे आज तुला बेताची असलेली सायकल तुझ्याबरोबर उंच होते. मोठी सायकल मात्र सीट फ्रेमला टेकली की आणखी खाली येत नाही. काटकसर करायचीच असेल तर ती बेताच्या मापात आहे.

दुकानात गेलीस तर एक ध्यानात ठेव. दुकानदार २४, २६ म्हणतो ते चाकाचं माप असतं. एकाच चाकाच्या दोन सायकलींच्या फ्रेम लहानमोठ्या असू शकतात, म्हणून आकडा ऐकून समाधान मानू नकोस, वर बसून बघ. उंची पाच फुटांच्या आत असेल तर आधी २४ ची मागून बघ. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. तुला ते मिळणार असेल तर खरेदीच्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल, पण दुकानात तू स्वतः जा.

सीट पार खाली घेऊनही चवडे टेकत नसतील, तर त्या सायकलीवर रस्त्यावर जाऊ नकोस. ताईदादाला दे, नाहीतर सायकलवाल्याकडे बदलून मिळते का विचार. आज रात्री जेवताना बाबांना सरळ सांग, "बाबा, सायकल आवडली, पण माझे पाय टेकत नाहीत. उद्या माझ्याबरोबर दुकानात याल का?" तुमची निवड चुकली असं यात कुठेच येत नाही, आणि टेपवर मोजलेला आकडा तुझ्या हातात असेलच.