रूट यूजर : मास्टर चावी कुणाच्या खिशात?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता कांद्यावरचा. पातीचा फोटो काढायचा आणि करपा पडलाय की नाही ते प्रोग्रॅमने सांगायचं. फोटो ठेवायला ॲमेझॉनच्या क्लाऊडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर खातं उघडलं. कार्ड पम्याच्या वडिलांचं. ई-मेल खास प्रोजेक्टसाठी काढलेला. पासवर्ड? प्रोजेक्टचं नाव आणि पुढे १२३. चौघांनाही तोंडपाठ! साइन-इन करताना ‘एमएफए लावून घ्या’ अशी पाटी यायची. पहिले ३५ दिवस ती टाळता येते. आम्ही इमाने-इतबारे टाळली.

फोटो अपलोड करताना सारखं ‘ॲक्सेस डिनाइड’ यायचं. मग मी (हो, मीच) खात्याच्या मुख्य लॉगिनची, म्हणजे रूटची, ॲक्सेस की तयार करून थेट कोडमध्ये चिकटवली. चाललं की! शुक्रवारी रात्री दोन वाजता तो कोड सगळ्यांना दिसेल अशा रिपॉझिटरीत टाकला आणि चहाला टपरीवर गेलो.

सोमवारी सकाळी बिलाचं पान उघडलं तर आकडा ४१ हजारांच्या वर. आधी वाटलं चुकून दुसऱ्याचं खातं उघडलं. सर्व्हरची यादी पाहिली तर रिकामी! नंतर लक्षात आलं की तो स्क्रीन एका वेळी एकाच विभागातले सर्व्हर दाखवतो. आम्ही मुंबई बघत होतो आणि सर्व्हर चालू होते ओरेगॉन, फ्रँकफर्ट आणि साओ पावलोमध्ये. सार्वजनिक कोडमध्ये अशा की शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात. माणूस जागा असावा लागत नाही. आणि खरी लाज पुढे आहे. ‘तुमची की उघडी पडली आहे’ असा इशारा एडब्ल्यूएसने मेलवर पाठवला होता. तो त्या खास काढलेल्या मेलबॉक्समध्ये तीन दिवस न वाचलेला पडून होता.

पम्याच्या वडिलांचं वसमतला कृषी सेवा केंद्र आहे. फोनवर त्यांना सगळं समजावून सांगायला पम्याला पाऊण तास लागला. ते शेवटी एवढंच म्हणाले, “आपलं गिऱ्हाईक उधारी बुडवतं बाबा, पण ते निदान ओळखीचं तरी असतं.” आम्ही मदत कक्षाला रीतसर चूक कबूल करून लिहिलं, बरीचशी रक्कम माफ झाली. उरलेले नऊ हजार चौघांनी वाटून भरले. त्या महिन्यात माझी मेस बंद होती.

असो. रडगाणं पुरे. हॉस्टेलवर अशी खाती आता दर मजल्यावर आहेत, म्हणून त्यानंतर जे शिकलो ते लिहितो.

रूट यूजर म्हणजे खातं उघडताना आपोआप जन्माला येणारा मालक. ज्या ई-मेलने खातं उघडलं तोच त्याचा आयडी. आपल्या रेक्टर सरांकडच्या मास्टर चावीसारखा. फरक इतकाच की रेक्टर सरांना प्राचार्य विचारू शकतात. आपण खात्यात आयएएमचे जे नियम लिहितो ते इतर यूजर्सना अडवतात, रूटला ते अडवत नाहीत. अनेक खात्यांची संघटना केली तर सदस्य खात्यांच्या रूटला वरून लगाम घालता येतो, पण विद्यार्थ्याचं खातं एकटं असतं. ही सेवा २००६ साली सुरू झाली तेव्हा सगळं काम याच एका ओळखीवर चालायचं. आयएएम, म्हणजे वेगवेगळे यूजर आणि त्यांचे वेगवेगळे हक्क, ही सोय सर्वांसाठी खुली झाली २०११ मध्ये. आम्ही मात्र त्यानंतरही २००६ मध्येच राहत होतो!

खरं तर रूटची गरज फार थोड्या कामांना लागते. खात्याचा ई-मेल बदलणे, खातं बंद करणे, एकुलत्या एका ॲडमिनने स्वतःचेच हक्क काढून टाकले तर ते परत देणे, अशी कामं. वर्षातून एकदा-दोनदा. रोजच्या कामाला वेगळा ॲडमिन यूजर करावा, आणि रूटला कुलूपबंद करावं.

कुलूप लावायचं तर सुरुवात ई-मेलपासून करा. पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक त्या मेलवर येते. म्हणजे मेलबॉक्स ज्याच्या हातात, तो रूटच्या दारात. त्यामुळे मेलबॉक्सलाही एमएफए हवा आणि तो रोज कुणीतरी वाचायला हवा. फोन नंबरचंही तेच. एमएफएचा मोबाईल हरवला तर ओळख पटवायला खात्यावर नोंदवलेला मेल आणि फोनच कामाला येतात. तिथे पास होऊन गेलेल्या सिनियरचा बंद नंबर असेल तर बसा बोंबलत.

आता एमएफए. रजिस्टर करताना जो क्यूआर कोड दिसतो त्यात एक गुप्त संख्या असते. ती मोबाईलमधल्या ॲपकडे जाते, तिकडे सर्व्हरकडेही असते. दोघेही ती गुप्त संख्या आणि घड्याळातली वेळ एकत्र करून एचएमएसी काढतात, आणि त्यातून सहा आकडे निघतात. दर ३० सेकंदांनी नवे. कुणी कुणाला काही पाठवत नाही, म्हणून फोनला रेंज नसली तरी कोड येतो. आणि फोनचं घड्याळ चुकलं असलं की कोडही चुकतो. ही रीत आरएफसी ६२३८ मध्ये आहे, दोन पानं वाचलीत तरी व्हायव्हाला उपयोगी पडेल. मात्र क्यूआरचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. तो टाकला म्हणजे गुप्त संख्याच वाटली!

या कोडला एक मर्यादा आहे. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तुम्ही स्वतःच ते सहा आकडे टाइप केलेत तर समोरचा ते लगेच खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकी किंवा यूएसबीची सिक्युरिटी की इथे सरस ठरते, कारण ती संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता वेगळा दिसला की उत्तरच देत नाही. रूटला अशी आठपर्यंत साधनं जोडता येतात. किमान दोन जोडा, आणि दोन्ही एकाच सॅकमध्ये ठेवू नका.

पण थांबा. हे सगळं आम्ही पहिल्या दिवशी केलं असतं तरी तो शुक्रवार टळला नसता! कारण एमएफए विचारला जातो तो साइन-इनच्या पानावर. ॲक्सेस की म्हणजे प्रोग्रॅमने वापरायची ओळख. कोडमधून रूटची की वापरताना सहा आकडे कुणी विचारत नाही. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागची खिडकी सताड उघडी, असा प्रकार. मला हे सोमवारनंतर कळलं. म्हणून सगळ्यात आधी रूटची ॲक्सेस की असेल तर काढून टाका. नुसती निष्क्रिय नको, डिलीटच करा. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला फोटो साठवायचे असतील तर त्या सर्व्हरला आयएएम रोल द्या. रोलमधून मिळणारी ओळख तात्पुरती असते, आपोआप बदलत राहते, कोडमध्ये काही चिकटवावं लागत नाही. आमचा ‘ॲक्सेस डिनाइड’ शेवटी याच मार्गाने सुटला, सरांनी दहा मिनिटांत दाखवला.

बजेटचा अलर्टही लावा. तो हॉर्न आहे, ब्रेक नव्हे. आणि हॉर्नही जरा उशिराच वाजतो, कारण बिलाचे आकडे काही तासांनी ताजे होतात. तरी तीन दिवसांपेक्षा बरा.

आमचं नऊ हजारांवर भागलं. २०१४ च्या जूनमध्ये ‘कोड स्पेसेस’ नावाच्या, लोकांचा सोर्स कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एडब्ल्यूएस कंट्रोल पॅनेलमध्ये कुणीतरी शिरलं आणि खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, पण त्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन करून ठेवले होते. हालचाल दिसताच त्याने डेटा पुसायला सुरुवात केली. बारा तासांत बहुतेक डेटा आणि बॅकअप गेले, कंपनी बंद झाली. बॅकअप होते, पण त्याच पॅनेलच्या आत!

सध्या आमच्या रूटचा पासवर्ड २८ अक्षरांचा आहे आणि आम्हा चौघांपैकी कुणालाही पाठ नाही. तो कागदावर, लाखेने बंद केलेल्या पाकिटात, सरांच्या लॅबमधल्या गोदरेजच्या कपाटात आहे. एक सिक्युरिटी की त्यांच्याकडे, दुसरा एमएफए माझ्या फोनवर. जूनमध्ये पुढच्या बॅचचा फोन जोडून माझा काढायचा, नोंदवलेला नंबर बदलायचा, आणि वसमतचं कार्ड हटवायचं. सरांनी बजावून ठेवलंय, ते झाल्याशिवाय नो ड्यूजच्या फॉर्मवर सही मिळणार नाही.